सनद कुठे आहे?
गूढ इतिहासाची पुस्तके आणि आपला वाचक

मराठीत पुस्तकांचा एक प्रकार असा आहे की समीक्षेच्या टेबलावर तो क्वचित येतो आणि एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मात्र हमखास असतो. पिरॅमिड कोणी बांधले, ताजमहाल मुळात काय होता, काब्यात पूर्वी कोणाची पूजा होत असे, नूह अलैहिस्सलाम यांची नौका कोणत्या डोंगरावर टेकली, असे त्याचे विषय. या पुस्तकांना आम्ही सोयीसाठी 'गूढ इतिहास' म्हणू. ती कादंबरी म्हणून विकली जात नाहीत, संशोधन म्हणून विकली जातात. पण संशोधनाची कसोटी लावायला गेले की 'आम्ही नुसता प्रश्न विचारला' असे म्हणून अंग काढून घेतात. आता तोच मजकूर मोबाइलवर फिरतो, एवढाच काय तो फरक पडला.

आम्ही जुन्नर तालुक्यातील डिंगोरे येथे राहतो आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. आमच्या भोवती नाणेघाट, लेण्याद्री, शिवनेरी असा दोन हजार वर्षांचा इतिहास दगडात उभा आहे. त्यामुळे या वाङ्मयाकडे आम्हाला दुरून पाहता येत नाही. मुस्लिम मराठी वाचकाला तर मुळीच नाही. यातली बरीच पुस्तके त्याच्या विरुद्ध लिहिलेली असतात आणि बरीच त्याला खूश करण्यासाठी. पहिली वाचून आपण चिडतो. दुसरी आवडीने वाचतो आणि जुम्याच्या नमाजानंतर एकमेकांना सांगतो. आमचे म्हणणे असे की दोन्हींची घडण एकच आहे, म्हणून दोन्हींना एकच प्रश्न विचारला पाहिजे: सनद कुठे आहे?

सनद हा शब्द मराठी माणसाला इनामाच्या कागदामुळे ठाऊक आहे. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. ही गोष्ट तुला कोणी सांगितली? त्याला कोणी? तो खरे बोलणारा होता का? दोघांची गाठ पडणे शक्य होते का? इमाम बुखारी यांच्यासारख्या मुहद्दिसांनी नवव्या शतकात या प्रश्नांचे शास्त्र पक्के केले. चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी 'मुकद्दमा'त त्याला जोड दिली. सांगणारा कोण हे पाहा आणि सांगितलेली गोष्ट घडण्याजोगी आहे का हेही पाहा, असा त्यांचा आग्रह. मूसा अलैहिस्सलाम यांच्या फौजेत सहा लाखांहून अधिक लढवय्ये होते, ही जुन्या इतिहासकारांची कथा त्यांनी याच तराजूत घातली आणि एवढी फौज त्या भूमीत मावेल कशी, लढेल कशी, असे विचारले. तेव्हा ही कसोटी आपल्याला कोणाकडून उसनी आणायची नाही. ती घरचीच आहे.

ओकांचा ताजमहाल

पु. ना. ओक (१९१७–२००७) हे या वाङ्मयातले सर्वांत गाजलेले मराठी नाव. जन्म इंदूरचा, आझाद हिंद सेनेत काम केलेले, पुढे पत्रकार. १९६४ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली आणि १९६५ साली ताजमहाल हा राजपुती महाल होता असे सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे त्या महालाचे शिवमंदिर झाले, 'तेजोमहालय' झाले. एकाच इमारतीचे त्यांच्याच लेखनात असे रूपांतर झाले, इकडे त्यांच्या चाहत्यांचे सहसा लक्ष जात नाही.

ओक वाचनीय आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. वकिलाने उलटतपासणी घ्यावी तसे ते लिहितात. मुद्द्यामागून मुद्दा येतो आणि वाचकाला वाटते की तपास आपणच करतो आहोत. शाळेतला इतिहास सनावळ्या पाठ करायला लावतो. ओक वाचकाच्या हाती भिंग देतात. त्यांच्या यशाचे मर्म इथे आहे आणि आमच्यासारख्या शिक्षकांनी ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पण भिंग कशावर धरायचे हे तेच ठरवतात. त्यांचा मुख्य आधार म्हणजे शाहजहानचे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यांचा 'बादशाहनामा'. कबरीसाठी निवडलेल्या जागेवर पूर्वी राजा मानसिंहाची 'मंजिल' होती आणि ती तेव्हा त्याचा वंशज जयसिंह याच्याकडे होती, असे लाहोरी लिहितात. ओकांनी हा कबुलीजबाब मानला. लाहोरींनी यात काही लपवलेले नाही. जागेच्या बदल्यात जयसिंहाला चार हवेल्या दिल्याचे २८ डिसेंबर १६३३ चे फर्मानही उपलब्ध आहे. जागा घेतली, मोबदला दिला, तिथे कबर बांधली, इतका हा साधा व्यवहार. 'मंजिल' म्हणजे घर, हवेली, हे उर्दू चौथीच्या मुलाला ठाऊक असते. त्या हवेलीचे शंकराचे देऊळ करायला फारसी येऊन भागत नाही, मनात आधीच देऊळ असावे लागते.

'महल' हा शब्द मुसलमानी देशांत इमारतींना लावत नाहीत, हा ओकांचा दुसरा आवडता मुद्दा. मुळात हा शब्दच अरबी आहे. शिवाय लाहोरी या इमारतीला 'रौजा-ए-मुनव्वरा' म्हणतात. ताजमहाल हे राणीच्या किताबावरून लोकांच्या तोंडी बसलेले नाव. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपूरला वारली. त्या सुमारास आग्र्यात असलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी, बादशहा आपल्या दिवंगत राणीसाठी कबर बांधतो आहे असे डोळ्यांनी पाहून लिहितो आणि राणीचे नावच 'ताजमहल' असे देतो. भिंतींवर कुराणाच्या आयती रेखाटणाऱ्या अमानत खान शिराझी यांनी तर आपले नाव आणि हिजरी १०४५ व १०४८ ही साले दगडातच लिहून ठेवली आहेत. कागदाची सनद, परक्या साक्षीदाराची सनद आणि दगडाची सनद, तिन्ही एकच गोष्ट सांगतात.

काब्याविषयी ओकांनी जे लिहिले त्यात ही पद्धत आणखी उघडी पडते. इस्लामपूर्व काळात काब्यात मूर्ती होत्या, ही गोष्ट मुसलमानांच्याच सीरतग्रंथांत आहे. हिजरी ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० ला, मक्का फतह झाल्यावर त्या हटवल्या गेल्या. हे सांगायला ओकांची गरज नव्हती. त्यांनी भर घातली ती विक्रमादित्याची. त्याची स्तुती करणारा मजकूर काब्यात सोन्याच्या तबकावर कोरलेला होता, तो 'सायर-उल-ओकूल' नावाच्या काव्यसंग्रहात आहे आणि तो संग्रह तुर्की सुलतान सलीमच्या हुकमाने १७४२ साली तयार झाला, असे ते सांगतात. आता उस्मानी सुलतानांची यादी कोणत्याही ज्ञानकोशात काढून पाहावी. १७४२ साली तख्तावर महमूद पहिला होता. दुसरा सलीम १५७४ साली वारला होता आणि तिसरा सलीम १७८९ साली गादीवर आला. साखळीची पहिलीच कडी निखळली, तर पुढची मोजण्यात अर्थ नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ओकांची याचिका फेटाळली. ताज ही कबर आहे, देऊळ नव्हे, असे पुरातत्त्व खात्याने २०१७ साली आग्र्याच्या न्यायालयात सांगितले. तळघरातील बंद खोल्या उघडा, ही मागणी २०२२ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळली. तरीही २०२५ साली याच वादावर 'द ताज स्टोरी' हा हिंदी चित्रपट आला. गूढाला खोडून काढले तरी ते मरत नाही, कारण ते पुराव्यावर जगतच नाही.

आणि हा केवळ आग्र्याचा प्रश्न राहिलेला नाही. आमच्या गावावरून जाणारा महामार्ग माळशेज उतरून कल्याणला जातो. कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. त्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. माघी पौर्णिमेच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही गड चढतात. १९८० च्या दशकापासून तिथे 'मूळ कोणाचे' हा वाद पेटत ठेवला गेला. जिथे लोकांनी शतकानुशतके 'दोघांचे' असे उत्तर देऊन ठेवले होते, तिथे 'मूळ' हा शब्द शिरला की काय होते, ते आपण पाहतोच आहोत. गूढ इतिहासाच्या पुस्तकावर समीक्षा का लिहायची, याचे उत्तर तिथे आहे.

पांडवांची रात्र आणि परग्रहावरचे पाहुणे

या वाङ्मयाची दुसरी शाखा एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाची. १९६८ साली त्याचे पहिले पुस्तक आले. मराठीत तो बाळ भागवतांनी आणला, 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!' हे नाव अनेकांना आठवत असेल. भागवतांची भाषा सोपी आणि गप्पांच्या ओघाची, त्यामुळे अवघड विषयही सहज उतरतो. या पुस्तकाने खेड्यातल्या मुलांनाही इजिप्त आणि पेरूचे वेड लावले, हे त्याचे श्रेय. डॅनिकेनचा युक्तिवाद मात्र एकाच खांबावर उभा आहे: इतके मोठे काम त्या काळच्या माणसांना जमणे शक्य नाही, म्हणून ते आकाशातून आलेल्यांनी केले.

आमच्याकडेही लेण्यांविषयी अशीच कथा आहे. पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले. ही लोककथा आहे आणि तिच्यात अचंबा आहे, कोणाचा हक्क हिरावण्याचा हेतू नाही. तरी एक गोष्ट तिच्यात आणि डॅनिकेनमध्ये सारखी आहे. दोन्ही ठिकाणी छिन्नी धरणारा माणूस नाहीसा होतो.

तो माणूस परत आणला शिलालेख वाचणाऱ्यांनी. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूचे काम करणाऱ्यांची आहे, कासारांची आहे. इरिल, चिट, चंद अशी नावे असलेले यवन, म्हणजे परदेशी लोकही आहेत. मानमोडीच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचे दान वर्ष ४६ अशा नोंदीसह आहे. ज्या लेण्याद्रीत आज गिरिजात्मज गणपतीला लोक जातात, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. या बाजारपेठेत कोण येत होते, कोणाच्या पैशातून डोंगर कोरला जात होता, हे सारे लिहिलेले आहे. परग्रहावरच्या पाहुण्याला इथे जागाच उरत नाही.

नाणेघाटाचेही तसेच. सातवाहन राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. गाई, हत्ती, घोडे, कार्षापण अशी. त्यातल्या आकड्यांवरून भारतीय अंक कसे घडले याचा अभ्यास भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी एकोणिसाव्या शतकात केला. पलीकडच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वरची नावे राहिली. नाव कोरून ठेवण्याचे मोल किती, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

खरे कोडे हवे असेल तर तेही आमच्याच तालुक्यात आहे. कुकडीकाठच्या बोरी गावात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या परिसरात अश्मयुगीन हत्यारे सापडली. १९८९ साली एका गटाने राखेचे वय १४ लाख वर्षे काढले, १९९५ साली दुसऱ्या गटाने सुमारे ६ लाख ७० हजार, तर ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, असे आणखी काहींचे मत. किती हा फरक! पण प्रत्येकाने आपले मोजमाप आणि ते काढण्याची रीत छापून दिली, म्हणून दुसऱ्याला ते तपासता आले. कोडे आणि गूढ यांत आम्ही फरक करतो तो एवढाच. कोडे घालणारा आपली वही दाखवतो, गूढ सांगणारा ती लपवतो.

आपल्या अंगणातली गूढे

आता जरा आपल्याकडे वळू. इथे हात आखडला तर वरचे सारे लिहिणे दुटप्पीपणाचे ठरेल.

नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, ही रिवायत आपल्या मोहल्ल्यांत किती वर्षे फिरते आहे! १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना कळवून तिचा इन्कार केला होता. चंद्रावर हवा नाही आणि हवेशिवाय आवाज जात नाही, हे आम्ही शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकवतो. तोच मुलगा संध्याकाळी ही गोष्ट ऐकतो आणि सकाळी आम्हाला विचारतो की दोहोंपैकी खरे काय. त्याला गप्प बसवणे सोपे असते. त्याला उत्तर देणे हे आमचे काम आहे.

चंद्राच्या पृष्ठभागावर रीमा आरियाडियस नावाची सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची खाच आहे. तिचा फोटो शक्कुल कमरचा पुरावा म्हणून दाखवला जातो. ज्याने तो मोजिजा मानला त्याने कुराण आणि हदीसच्या आधारे मानला. त्याला फोटोची गरज नव्हती. फोटोवर इमान टेकवले तर उद्या भूगर्भशास्त्रज्ञ त्या खाचेचे दुसरे कारण सांगतील, तेव्हा आपण काय करणार? फिरऔनच्या ममीचेही तसेच. फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांचे पुस्तक १९७६ चे. त्यांच्या मते तो फिरऔन मर्नेप्ताह. आपल्याकडच्या क्लिपमध्ये मात्र त्याच वर्षी बुरशीवर उपाय करण्यासाठी पॅरिसला नेलेला दुसरा रामसेस येऊन मिसळला, आणि शरीरातले मीठ हा समुद्रात बुडाल्याचा पुरावा झाला. इजिप्तचे लोक प्रेत टिकवण्यासाठी नॅट्रॉन नावाचा खारच वापरत. मीठ कोणत्याही ममीवर सापडेल.

सर्वांत बोलके उदाहरण कल्की अवताराचे. वेदप्रकाश उपाध्याय यांचे या विषयावरचे हिंदी पुस्तक आपल्याकडे फार प्रेमाने वाटले जाते. कल्कीच्या पित्याचे नाव विष्णुयश, म्हणजे अब्दुल्लाह. मातेचे नाव सुमती, म्हणजे आमिना. म्हणून कल्की म्हणजे आपले पैगंबर, असा त्याचा सूर. आता ओकांचे 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' आणि 'ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती' शेजारी ठेवून पाहावे. तोच कारखाना, तोच साचा, फक्त माल निराळा. ओक आपला काबा त्यांच्या घरात नेतात म्हणून आपल्याला राग येतो. त्यांचा कल्की आपण आपल्या घरात आणतो तेव्हा समोरच्याला काय वाटत असेल? दुसऱ्याच्या पवित्र गोष्टीचा अर्थ तिच्या मालकाला न विचारता लावणे, हे दोन्हीकडे सारखेच बेअदबीचे.

ओकांच्या पुस्तकातली चूक आपण ज्या नजरेने काढतो, त्याच नजरेने आपल्या पत्रकातली चूक काढता आली नाही, तर आपला राग हा सत्यासाठी नसून मानासाठी आहे, असे कोणीही म्हणेल. आणि न्यायालयात, वर्तमानपत्रात, शाळेत आपली बाजू मांडताना आपल्या शब्दाला वजन राहणार नाही. मलंगगडासारख्या प्रश्नावर ज्या कौमला पुराव्यानिशी बोलायचे आहे, तिला चंद्रावरची अजान परवडत नाही.

तबर्रुकाचे काय?

इथे कोणी विचारील, मग आमचे तबर्रुकही तुम्ही प्रयोगशाळेत नेणार का? खुलताबादला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात मू-ए-मुबारक आहे. हजरत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यातला पैगंबरांचा पवित्र पोशाख बारा रबीउल अव्वलला दर्शनासाठी काढतात. विजापूरच्या आसार महालाला नावच पवित्र अवशेषांवरून पडले. यांविषयी आम्ही काय म्हणावे?

आमचे म्हणणे साधे आहे. तबर्रुक हा मोहब्बतीचा विषय आहे. त्याची सनद जतन करणाऱ्यांच्या साखळीत असते. २७ डिसेंबर १९६३ ला श्रीनगरच्या हजरतबलमधून मू-ए-मुकद्दस चोरीला गेला आणि ४ जानेवारी १९६४ ला परत मिळाला. साऱ्या काश्मीरची मागणी होती की तो खरा आहे का ते सांगा. फेब्रुवारीत सय्यद मीरक शाह काशानी यांनी दीदार घेऊन ग्वाही दिली, तेव्हा लोक शांत झाले. ज्याला लोक मानतात त्याने ओळख पटवली. श्रद्धेच्या व्यवहारात एवढे पुरते. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा श्रद्धेची वस्तू घेऊन कोणी इतिहासाच्या बाजारात जातो, किंवा इतिहासाची तागडी घेऊन कोणी दर्ग्यात शिरतो.

या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, याचे उत्तम उदाहरण सोपाऱ्याचे. ज्या भगवानलालांनी नाणेघाटाचे अंक वाचले त्यांनीच १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याच्या तेरा चिमुकल्या खापऱ्या. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि भोवती मागाहूनच्या काळातल्या आठ कांस्यमूर्ती. या खापऱ्या गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असा तर्क त्यांनी बौद्ध कथांच्या आधारे केला. पण डबीत काय मिळाले याची नोंद वेगळी आणि त्यावरून केलेला तर्क वेगळा ठेवला. म्हणून आजचा अभ्यासक तर्क न मानताही त्यांची नोंद वापरतो आणि बौद्ध उपासक नोंद न वाचताही हात जोडतो. दोघांपैकी कोणाचेच काही बिघडत नाही.

रिकामी जागा

गूढाची पुस्तके खपतात, कारण खरी पुस्तके नाहीत. १४९० साली मलिक अहमदने बहमनींपासून फारकत घेतली ती जुन्नरच्या भूमीवरून. निजामशाहीचा आरंभ आमच्या तालुक्यातला. मलिक अंबरनेही काही काळ इथून राज्य चालवले. जुन्नरचे मुसलमान कागदी जो कागद बनवत, तो 'जुन्नरी' या नावाने दफ्तरांत नांदला. हापूसबागेतला सौदागर घुमट, शिवनेरीवरची ईदगाह आणि कमानी मशीद आजही उभी आहेत. यांतल्या एकेका विषयावर मुलांच्या हाती देता येईल असे सोपे मराठी पुस्तक हवे आहे. ते कोणी लिहिले नाही, तर त्या जागी कोणीतरी 'घुमटाचे रहस्य' लिहील आणि मग आपण मोर्चा काढू.

ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी शिकून मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. आमच्या शाळेतल्या मुलांना ती लिपी पहिलीपासून येते. अर्धी वाट त्यांनी चालून झालेली असते आणि तिथेच आपण त्यांना थांबवतो, कारण उर्दू म्हणजे गझल आणि दीनियात एवढेच आपण ठरवून टाकले आहे. नव्वीच्या मुलाला घेऊन कबरीवरचा एक लेख वाचावा, साल हिजरीतून इसवीत काढावे, नाव वहीत उतरवावे. पुढच्या आठवड्यात त्याच्या हाती मोबाइलवरची कोणतीही क्लिप द्यावी. ती आपल्याविरुद्ध असो की आपल्या बाजूची, तो आधी विचारील, सर, हे सांगितले कोणी, आणि मूळ कागद कुठे आहे?